दादांच्या घड्याळावरचा डाग

३ नोव्हेंबर
लेकीचा, आभाचा, होणारा नवरा ओजस सुभानपुऱ्याहून चहाला आला. मनगटावर मॉडिफाय केलेलं घड्याळ. डायल एकाची, काटे दुसऱ्याचे, बाहेरची केस तिसऱ्याची. आकडे मुद्दाम तिरके. म्हणे त्यातच मजा. शी! चार जणांच्या उष्ट्यातून वाढलेलं ताट. चहा अर्धाच ठेवला.
संकल्प : साखरपुड्याला जावयाला घड्याळ देतात. मी दादांचं देणार. दादा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर; उभा जन्म हेच एक चावीचं घड्याळ. ओरिजिनल म्हणजे काय ते कळू दे पोराला.

४ नोव्हेंबर, पूजेनंतर
कपाटातून दादांचं घड्याळ काढलं. डायलवर तपकिरी डाग. दादा घड्याळ घालूनच अभिषेक करत, पाणी आत जाई. आभाने ओजसला फोटो पाठवला. त्याचं उत्तर : काकांना सांग, डागाला हात लावू नका, असा डाग विकत मिळत नाही.
डागाला किंमत! मग आमच्या मोरीची फरशी म्युझियममध्ये ठेवा.
स्वच्छ करूनच देणार.

८ नोव्हेंबर
मांडवीजवळच्या गुजराती घड्याळवाल्याकडे गेलो. म्हणाला, “काका, डाघ नहीं जाय. नवी डायल नाखी दऊं?” टाक नवी, म्हटलं.
उषाचं म्हणणं : “अहो, मग हे मॉडिफायच झालं की!” बायकोला फरक कळत नाही. ओजस करतो ते मॉडिफाय. मी करतो तो जीर्णोद्धार. देवळाला रंग दिला म्हणून देव बदलतो का?

१४ नोव्हेंबर
नव्या डायलवर जुने काटे फारच कळकट. बघवेना. बदलले. रोज चावी देण्याची कटकट नको म्हणून सेलचं मशीन. ते जुन्या केसमध्ये बसेना, म्हणून केसही नवी. पट्ट्याला घामाचा वास. तोही बदलला.
जुन्या वस्तूंचं विचारलं. “भंगारमां गया, काका.” बरं झालं. असली घाण घरात कशाला?

१८ नोव्हेंबर
घड्याळ देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. दादा प्रसन्न झाले असतील. ओजससाठी दोन शब्द पाठ केले. विषय : अस्सलपणा.

२३ नोव्हेंबर, साखरपुडा
भाषण छान झालं. कुठे अडखळलो नाही. आज ओजसचं मनगट मोकळं होतं. खास आमच्या घड्याळासाठी, असं आभा म्हणाली. त्याने डबी उघडली. घड्याळ कानाशी धरलं. उलटं करून पाहिलं. मग हळूच विचारलं, “काका, आजोबांचं कुठलं?”
हेच, म्हटलं.
“यात त्यांचं काय उरलंय?”
मी थोडा विचार करून म्हणालो, बक्कल.
उषा शेजारून म्हणाली, “बक्कल नव्या पट्ट्याबरोबर आलंय.”
ओजसने वाकून नमस्कार केला आणि डबी माझ्या हातात परत दिली. म्हणाला, मला तो डाग हवा होता. आभाच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं असावं.

२४ नोव्हेंबर
रजा टाकली. घड्याळवाल्याने भंगारवाल्याचा पत्ता दिला. त्याच्या गोदामात दोन तास गोण्यांत हात घालून बसलो. गंज, ग्रीस, कुणाकुणाचे घामट पट्टे. किळस करायचंही सुचलं नाही. तपकिरी डागांच्या सतरा डायली निघाल्या. एकही दादांची नाही. निदान तसं वाटलं. खात्रीने सांगता येईना.
घड्याळ सध्या मीच घातलंय. वेळ अगदी बरोबर दाखवतं.