गोधडीचा चौथा कोपरा

माय, तू शिवायचीस तशा गोधड्या आता आम्ही बचत गटातल्या बाया धुळ्याच्या मेळाव्यात टेबलावर मांडून विकतो. तुला हसूच येईल. गावातल्या बाया तुला जुनी लुगडी आणून द्यायच्या, तू ओट्यावर बसून शिवायचीस. त्यात विकायचं काय? पण इथे लोक हात फिरवून बघतात, फोटो काढतात. मला मात्र तो ओटाच दिसतो. मी चौथा कोपरा रिकामाच शिवून टाकलाय आणि तू अख्खी कड उसवतेयस. "तिनं पोट भर पहिले. उपाशी गोधडी कोनाच घर धाडू नही." मग कोपऱ्यात चिमूटभर दादर ज्वारी घालून तू टाका घालतेस. तेव्हा तुझा फार राग आला होता. आता तुझ्या त्या हट्टाचीच आठवण येते.

मेळाव्याच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यात दाणे घातले. एका ताईंनी गोधडी परत आणली, कोपऱ्यातून किडे निघाले होते. मेळाव्याच्या मॅडम म्हणाल्या, पुन्हा तक्रार आली तर टेबल मिळणार नाही. तेव्हापासून कोपरे रिकामेच. दाण्यांची गोष्ट मात्र मी सांगतेच, कारण ती ऐकली की गिऱ्हाईक घेतल्याशिवाय हलत नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई लेकीच्या बाळासाठी गोधडी घ्यायला आल्या. गोष्ट ऐकून त्यांनी कोपरा चिमटीत धरला. "अगबाई, लागतात की हो दाणे हाताला!" ती दोऱ्याची गाठ होती, माय. मी नुसती हसले आणि घडी घालून दिली.

त्या गेल्या आणि शेजारच्या टेबलावर धरणगावच्या अक्कांनी लाडवांसाठी ज्वारी भाजायला घेतली. तो वास आला आणि मला एकदम आठवलं. तू दाणे आधी तव्यावर परतून घ्यायचीस! म्हणून त्यांना कीड लागत नसे. मला वाटायचं, ते मला खायलाच भाजलेत. निम्मे मीच फस्त करायचे आणि तू पुन्हा मूठभर तव्यावर टाकायचीस.

उरलेल्या सगळ्या गोधड्यांचे कोपरे उसवून मी भाजलेले दाणे घातले. बाळाची गोधडी नेताना त्या बाईंनी दिलेला फोन नंबर तुझ्या सुईच्या डब्यात आहे, हा कागदही तिथेच ठेवते. गोधडी उपाशी गेलीय, परत पाठवा, दाणे घालून देते, असं त्यांना सांगायचं आहे. अजून फोन लावलेला नाही.