सोमवार-गुरुवारची गाडी

१८ ऑगस्ट २००३, सोमवार
अण्णांचं डायलिसिस झालं. बाहेर रिक्षा मिळेना. एक म्हणाला, शनिवार पेठ जवळ पडते. दुसऱ्याने अण्णांकडे नीट पाहिलं आणि रिक्षा पुढे काढली. अण्णा खांबाला टेकून उभे. मग शर्टावर उलटी. मी रुमाल दिला. ते म्हणाले, "आता तरी थांबेल कुणी. वास येतोय."
वाईट वाटायला हवं होतं. पाय दुखत होते, एवढंच कळलं.
लायब्ररीतले भावे त्यांची गाडी विकताहेत. घेऊन टाकावी.

२४ ऑगस्ट, रविवार
गाडी आली. पांढरी एट हंड्रेड, बरीच जुनी. भाव्यांनी स्वतः आणून लावली, किल्ली दिली, चहा घेतला. जाताना बॉनेटवर थाप मारली, म्हशीला मारतात तशी.
आपल्या घरातली पहिली गाडी. हार घालायला हवा होता, आणला नव्हता. अण्णा गॅलरीतून बघत होते.
"चालवणार कोण?"
"मी."
"मग मी रिक्षाच बघतो."
लायसन्स आहे, कॉलेजात नोकरी लागली तेव्हा हौसेने काढलेलं. त्यानंतर स्टिअरिंगला हात नाही. मोटर स्कूलवाल्याला उद्यापासून सकाळी बोलावलंय.
सोसायटीचे सेक्रेटरी दामले विचारून गेले, "कायमची आहे का?" काय ते कळलं नाही. हो म्हटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार
अण्णांना घेऊन पहिल्यांदा गेले. नव्या पुलाच्या चढावर दोनदा बंद पडली. मागचे हॉर्न. अण्णा पुढच्या सीटवर, हात मांडीवर, डोळे मिटलेले. पोचल्यावर म्हणाले, "रामरक्षा दोनदा झाली."
त्यांना मशीनला लावलं की चार तास मोकळे. पूर्वी बाकावर बसून भिंत बघायचे. आज गाडीत बसून तीच भिंत.

२ ऑक्टोबर, गुरुवार
येताना पुलावर बंद. चालूच होईना. अण्णा मागे आडवे, रंग राखाडी. एका स्कूटरवाल्याने कसब्यातल्या गॅरेजवाल्या गायकवाडांना निरोप दिला. ते आले, बॉनेट उघडलं, काहीतरी बारीक काढलं, तोंडाने फुंकलं, परत बसवलं. सुरू.
"काय केलंत?"
"कचरा होता."
"कशात?"
"मॅडम, पेशंट हाय गाडीत. निघा तुम्ही."
बरोबरच होतं त्यांचं. पण दिवसभर डोक्यात एकच. कशात?

५ ऑक्टोबर, रविवार
अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक मिळालं. इंग्रजी, आधीच्या मालकाचे तेलकट अंगठे पानापानावर. बॉनेट उघडून पुस्तकातलं चित्र आणि समोरचं ताडून पाहत उभी राहिले. निम्मं सापडलं. चित्रात सगळं स्वच्छ आणि सुटं सुटं. इथे सगळं एकमेकांत घुसलेलं.
जेवायला वर गेले तर अण्णांचं जेवण होऊन गेलेलं. मला वाटलं अर्धा तास झाला असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार
कार्ब्युरेटर उतरवला. पेपर पसरून सुटे भाग मांडले. पेट्रोल जिथून जातं ते भोक एवढं बारीक, की सुईसुद्धा जाणार नाही. 'कशात'चं उत्तर हे. रॉकेलने धुतलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, लावलं. एक स्प्रिंग उरली. सगळं परत काढलं. स्प्रिंगची जागा सापडली. पुन्हा लावलं.
सुरू झाली. आणि आवाज वेगळा. आधी ती थरथरत उभी राहायची, आता नुसती उभी.
रात्रीच्या जेवणाला अण्णांना सांगितलं. ते म्युनिसिपालिटीच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते, अर्ध्या पेठांचं पाणी त्यांच्या हातातून गेलंय. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे व्हॉल्व्ह. एवढंच ना? मग अडीच तास काय करत होतीस?"
हाताचा पेट्रोलचा वास जात नाहीये. धुतला नाही फारसा.

३० ऑक्टोबर, गुरुवार
मिलिंद दिवाळीला बंगलोरहून येऊन गेला. भाऊ म्हणून काही वाईट नाही. अण्णांचे सगळे रिपोर्ट फाईलला लावून गेला, रंगीत खुणा करून. गाडीत बसला तेव्हा म्हणाला, "ताई, तू मजेत दिसतेस."
मजेत? आरशात पाहिलं. नेहमीचंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
डायलिसिसच्या खोलीबाहेर बसले की रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात. न बघता ओळखते आता. डिझेल तर कुणालाही कळतं. पण आमच्यासारखी तीन सिलिंडरची असली की आवाजात एक लंगडेपणा असतो, तो चारवाल्यांना नाही. आज एकीचा एक सिलिंडर मरत होता. खाली जाऊन सांगावंसं वाटलं. गेले. एक गृहस्थ, बायकोला सोडायला आलेले. "प्लग बघा," म्हटलं. ते म्हणाले, "आपण कोण?"
परत वर आले.
सिस्टर सांगत होती, आज अण्णांचं बीपी खूप खाली गेलं होतं. मी तेव्हा खाली, परक्याच्या गाडीशी.

४ डिसेंबर, गुरुवार
परतताना, गाडीत.
"नलू, हे किती दिवस चालायचं?"
"डॉक्टर म्हणाले ना, आयुष्यभर."
"कुणाच्या? तुझ्या का माझ्या?"
मी इंडिकेटर दिला. वळले.
मग ते शांतपणे म्हणाले की आता पुरे करावं असं त्यांच्या मनात आहे. लगेच नाही. सांगून ठेवतोय फक्त. मशीनवरून उठलं की तो दिवस जातो, दुसरा दिवस त्यातून सावरण्यात, तिसऱ्या दिवशी जरा माणसात आलं की पुन्हा तेच. "पाणीकपातीसारखं जगतोय. एक दिवसाआड."
मी गिअर बदलला. म्हटलं, क्लच जड लागतोय.
"बघ मग," म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार
मिलिंदला फोनवर सांगितलं. तो चिडला, मग रडला. "तू त्यांना समजाव ना. तू तिथे आहेस."
मी इथे आहे म्हणूनच तर...
क्लचची केबल ताणून घेतली. गाडीखाली पाठीवर आडवी होते, वर काळं तेलकट आभाळ. तिथे कुणी काही विचारत नाही. दामले सोडून. त्यांना माझे नुसते पाय दिसत होते. "नलिनीताई, आपण बऱ्या आहात ना?"

१५ डिसेंबर, सोमवार
गाडी तापली. रेडिएटरमधलं पाणी कमी झालेलं, पण खाली कुठे थेंब नाही. घरी येऊन तेलाचं झाकण उघडलं. आतून पांढरट फेस, ताकासारखा. पुस्तक उघडायची गरज पडली नाही. पाणी आतल्या आत तेलात जातंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधलं अस्तर.
अण्णांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच पुस्तक मागून घेतलं. चष्मा लावून बराच वेळ चित्र पाहत होते. "ही गळती वाईट. दिसत नाही ती."

१२ जानेवारी २००४, सोमवार
पाणी भरत भरत चालवतेय. गायकवाड म्हणाले, "सोडा माझ्याकडं, इंजिन खोलतो." मी म्हटलं, मीच खोलणार आहे. ते हसले नाहीत. बोल्ट कुठल्या क्रमाने सोडायचे तेवढं बजावलं, आणि घट्ट करायचा मापाचा पाना देतो म्हणाले.
अडचण वेळेची. एकदा उघडलं की दोन-तीन दिवस गाडी उभी. सोमवार-गुरुवारच्या मध्ये बसवायला हवं, त्यात कॉलेज.

२२ जानेवारी, गुरुवार
मशीनवरून उठल्यावर अण्णा आज अर्धा तास पलंगावर बसून होते. मी त्यांना बूट चढवले. घरी आल्यावर म्हणाले,
"सोमवारी तुला सुट्टी. सव्वीस जानेवारी."
"हो."
"मग सोमवारी काढ ते हेड."
"सोमवारी तुमचं..."
"सोमवारी मला जायचं नाहीये."
नको म्हणायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण त्याच वेळी मनात मी पाने मांडायला लागले होते, दहाचा, बाराचा, चौदाचा. हे इथे लिहून ठेवते.

२६ जानेवारी, सोमवार
सकाळीच सुरुवात. अण्णा शाल पांघरून खाली आले, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. शेजारच्या शाळेत झेंडावंदनाचं चाललेलं. मी पाणी काढलं, पट्टा सोडला, नळ्या सोडल्या. त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी खोचला, नंबर घालून. ओव्हरसियरचं अक्षर अजून तसंच आहे.
दामले झेंडावंदनाहून आले, पांढऱ्या टोपीत. "काय हो, पार्किंगमध्ये ऑपरेशन?"
अण्णा म्हणाले, "पेशंटची संमती घेतलीय."
दुपारी हेड सुटलं. उचलून पालथं घातलं. गॅस्केटवर दोन भोकांच्या मध्ये काळी जळकी रेघ, नखाएवढी. "दिसली!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. अण्णा हसत होते. आई गेल्यापासून असे हसले नव्हते. मी त्यांच्यासमोर खाली बसले, गॅस्केट दाखवायला, आणि समोर त्यांचे पाय. सुजून चपलेच्या बाहेर आलेले. अंगठ्याने दाबलं तर खळगा राहिला.
दोन्ही एकदम झालं.

२७ जानेवारी, मंगळवार
रजा टाकली. हेड पोत्यात गुंडाळून नाना पेठेत नेलं, घासून सपाट करायला. रिक्षात मांडीवर. त्याचं वजन अजून मांडीवर आहे.
डायलिसिसच्या सिस्टरचा फोन. "काकांना काल का आणलं नाही?"
"गाडी बंद होती."
रिक्षा चालू होत्या.
त्या म्हणाल्या, गुरुवार चुकवू नका, छातीत पाणी होईल. अण्णांना आडवं झोपवत नाही. पाठीशी तीन उशा. मुगाची खिचडी केली, चार घास खाल्ले. विचारलं, त्रास होतोय का. "होतोय. पण कुणी टोचलं नाही आज."

२८ जानेवारी, बुधवार
हेड मिळालं. नवं गॅस्केट घालून बसवलं. गायकवाड स्वतः पाना घेऊन आले, बघत उभे राहिले, हात लावला नाही. अण्णांना जिना उतरवेना. गॅलरीत बसून होते. मी बोल्ट आवळायला घेतले तसे वरून ओरडले, "मधून बाहेर! कडेचे आधी नको!" ओरडल्यावर किती तरी वेळ धाप लागली होती. गायकवाड वर बघून मग माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "ताई, गाडीचं मी बघू का? तुम्ही वर जावा."
मी बोल्ट पुरे केले. मग वर गेले.
संध्याकाळी मिलिंदचा फोन. शुक्रवारी येतोय. "उद्या त्यांना ने, ताई. मी येईपर्यंत तरी." अण्णांनी फोन मागितला. त्याला म्हणाले, "ये. तुझ्या बहिणीने इंजिन उघडलंय. बघण्यासारखं आहे." आणखी काही बोलले ते ऐकू आलं नाही, मी कणीक मळत होते. फोन ठेवल्यावर विचारलं, "उद्या?"
"उद्या सुरू तर होऊ दे."
कशाबद्दल म्हणाले ते विचारलं नाही. झोपताना मात्र मला रडू आलं. बऱ्याच दिवसांनी. फार नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
गाडीत बसून लिहितेय. किल्ली फिरवली, नुसती घरघर. परत फिरवली. खोकली, धूर सोडला, बंद. तिसऱ्यांदा धरलं तिने. आधी दोनच सिलिंडर, मग तिसराही आला. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबलाय, वर जात नाही. पाण्याचा थेंब नाही. झाकणाखाली तेल स्वच्छ.
अण्णा गॅलरीत कठड्याला धरून उभे आहेत. इस्त्रीचा शर्ट घातलाय. कुणी आणून दिला नव्हता, स्वतःच काढला असणार. हॉस्पिटलसाठी की उद्या मिलिंद येणार म्हणून की गाडीसाठी, सांगता येत नाही. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "येताय ना?" त्यांनी कानाला हात लावला. ऐकू येत नाही म्हणून.
पुन्हा विचारायचं तर इंजिन बंद करावं लागेल.