कपाटाच्या दारावरच्या आठ रेघा

अण्णा, या हातांनी मी काय काय केलं ते आधी ऐका. पंख्यापासून साडेसात अश्वशक्तीच्या पंपापर्यंत जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरल्या. तार गुंडाळायचे सागाचे फर्मे स्वतः तासले. जुन्या लोखंडी कपाटाची वार्निश वाळवायची भट्टी केली. आणि तारेचे वेढे मोजणारं यंत्र केलं: एक साधा कॅल्क्युलेटर, एक लोहचुंबक, एक स्विच, हँडल एकदा फिरलं की आकडा एकानं वाढतो. हे सगळं कोणाच्या हाताखाली बसून शिकलो नाही. तुमच्या तर नाहीच. बाप असून तुम्ही हाकललंत.

कंधारचं तुमचं वायंडिंगचं दुकान, मी पंधरा वर्षांचा. हॉटेलवाला पंखा परत घेऊन आलाय, तापतो म्हणून. मी भरलेली कॉईल तुम्ही त्याच्यादेखत मलाच उलगडायला लावता. "मोज. तोंडानं मोज." चारशे वेढे हवेत. मी एकशे सत्तरपर्यंत येतो, बाहेर एस्टीचा गिअर करकरतो, तो कशानं करकरला हे मला तेव्हाच्या तेव्हा कळायला हवं असतं, आणि आकडा जातो. "किती झाले?" मी सुटलेली तार बोटाला गुंडाळत राहतो. "ह्याचं डोकं म्हंजी बसस्टँड हाय, शेठ. येतेत समदे, थांबत कुनीच न्हाई." हॉटेलवाला पोट धरून हसला. ते मला हाकलणंच होतं; दुसऱ्या दिवशी मी लातूरची गाडी धरली.

दोन महिन्यांपूर्वी एका शेतकऱ्याची मोटार भट्टीत ठेवून बेअरिंग आणायला गेलो आणि वाटेत कोणाचातरी बिघडलेला स्टार्टर खोलून बसलो. चार तासांनी आलो तर वायंडिंग कोळसा. त्याला नवी मोटार दिली. बायको म्हणाली, "अहो, आवडीचं काम असलं की तुम्हाला जेवायची शुद्ध नसते, आन् बिल लिहा म्हटलं की कंबर दुखती. चला डॉक्टरकडं." डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. तीनदा बोलावून सगळं खोदून विचारलं. "काका, लहानपणीही असंच होतं का? सांगणारं कोणी आहे?" मी म्हणालो, "वडील होते. रोज सांगायचे." तुमच्या शिव्या एकेक करून सांगितल्या, बसस्टँडसकट, त्यांनी त्या लिहून घेतल्या. अण्णा, माझ्या बाजूनं तुमची साक्ष झाली ती एवढीच. मग त्या म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात. हा आळस नाही, अक्कलही कमी नाही. मन एका ठिकाणी चिकटलं की सुटत नाही, दुसरीकडं टिकत नाही. लहानपणापासून असतं, मोठेपणी माणूस ते झाकायला शिकतो. गोळी आहे, सवयी लावता येतात. "घरात आणखी कोणाला होतं? पुष्कळदा रक्तातून येतं."

मला तुमच्या दुकानातलं लाकडी कपाट आठवलं. वायंडिंगला बसलात की शेजारच्या त्या कपाटाचं दार तुम्ही उघडं ठेवायचात. मला वाटायचं, वायरीसाठी. तुम्ही गेल्यावर दुकान रिकामं करताना त्या दाराची आतली बाजू पहिल्यांदा पाहिली. खडूच्या आठ रेघा. पन्नास वेढ्यांना एक. इतक्यांदा पुसून ओढलेल्या की लाकूड पांढरं पडलेलं. तुम्हालाही आकडा धरवत नव्हता. तुमच्याकडं खडू होता, अण्णा, आणि मला म्हणालात, तोंडानं मोज. एक खडू दिला असता तर काय गेलं असतं?

बाईंना मी सांगितलं, "नाही, घरात कोणाला नव्हतं." तुमची लाज मी राखली. माझी तुम्ही राखली नाहीत.

ते कपाट आता माझ्याकडं आहे; हे पत्र त्यातच राहील. एका गोष्टीचं खरं कारण मात्र बायकोलाही ठाऊक नाही. आठ वर्षांपूर्वी नांदेडचा एक पंपवाला कारखानदार माझं यंत्र पाहून मला काम देऊ करून गेला होता. त्याच्या कारागिरांना वर्षभर शिकवायचं, एका खोलीत दहा ते सहा बसायचं, रोजची वही लिहायची. गावभर मी सांगितलं, कोणाची चाकरी करणार नाही म्हणून. खरं म्हणजे त्यानं वही दाखवली आणि मला कंधारचा हॉटेलवाला आठवला. आठ दिवसांत माझं डोकं त्यांना कळेल, आणि ते हसतील. वर्षाचे चार लाख ऐंशी हजार देत होता. मी नाही म्हणालो.