अँटेना धरून उभे होतात तेव्हा

आण्णा, तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. समोरासमोर असतानाही आपण बापलेक फार बोलत नव्हतो. परवा माझा मुलगा मोबाइलवर कुणाची तरी ढोलकी ऐकत होता. आवडलेला तुकडा बोटाने मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावत होता, आणि मला आपल्या महाळुंगे पडवळच्या घरातली ती रविवारची संध्याकाळ आठवली. तेव्हा टीव्हीवर एकदा गेलं ते गेलं. ज्याने पाहिलं त्याने पाहिलं.

घरात तुमची ढोलकी मी कधीच ऐकली नाही. देवळात तुम्ही पखवाज वाजवायचात, त्याचं बाबांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, मोठं कौतुक. ढोलकीचं मात्र नाव काढायचं नाही. गंमत अशी की गावच्या जत्रेचा तमाशा ठरवायला नारायणगावच्या राहुट्यांवर दरवर्षी बाबाच जायचे, आणि सुपारी देण्याआधी ढोलकीवाला कसा आहे हे पहिलं विचारायचे. दुसऱ्याच्या पोराने वाजवली तर कला, आपल्या पोराने वाजवली तर घराण्याला बट्टा. लग्नाआधी तुम्ही एका फडाबरोबर पळून गेला होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला शोधून आणलं आणि खंडोबापुढे बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. पुन्हा फडात उभं राहायचं नाही. राहिलास तर चूल वेगळी, आणि मी मेल्यावर खांदा द्यायलाही येऊ नको. हे मला आईने सांगितलं होतं, तेही आजूबाजूला कुणी नाही असं बघून. बाबा बोलले म्हणजे करणार, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती.

त्या वर्षी तुम्ही टोमॅटोची गाडी घेऊन मुंबईला गेलात आणि एक दिवस उशिरा आलात. गाडी घाटात बंद पडली, असं घरात सांगितलंत. मला मात्र वावरात टोमॅटोला सुतळी बांधता बांधता खरं काय ते सांगितलंत. तुमच्या जुन्या फडाला टीव्हीवरच्या लोककलेच्या कार्यक्रमात बोलावलं होतं, त्यांचा ढोलकीवाला ऐनवेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी तुम्ही उभे राहिलात. येत्या रविवारी संध्याकाळी ते दाखवणार होते. "बाबा त्या टायमाला हरिपाठाला आसत्यात," तुम्ही म्हणालात. "तू नीट बघ, आन् मला सांग, बरा दिसतो का." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला ठाऊक होतं, तरी तुम्ही मलाच का सांगितलंत, कुणास ठाऊक. पण मी तो तीळ भिजवला, आण्णा. आईलासुद्धा बोलले नाही.

सगळं वेळेवर झालं असतं तर काही प्रश्न नव्हता. आधी काकूची मालिका, मग तुमचा कार्यक्रम, मग बातम्या, आणि बातम्यांच्या वेळेला बाबा देवळातून परत. पण दुपारपासून क्रिकेटचा सामना चालू होता आणि तो काही केल्या संपेना. काका आणि त्याचे दोस्त टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलेत. काकू दारातून त्यांच्या नावाने बोटं मोडते आहे. तुम्ही उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसला आहात, आणि मी एकेक चेंडू मोजते आहे. हरोत नाही तर जिंकोत, संपवा एकदाचं, असं मी मनात म्हणते. शेवटी आपण जिंकलो. काकाने शिट्टी मारली, गल्लीत फटाके वाजले, आणि तुम्ही नुसते घड्याळाकडे बघत राहिलात.

मग मालिका लागली. पडद्यावरच्या सासूने सुनेला घराबाहेर काढलं तशी काकू पदराने डोळे पुसायला लागली. माझे कान देवळाकडे लागले होते. टाळ थांबले. थोड्या वेळाने अंगणात बाबांची काठी वाजली. ते आत आले, खाटेवर बसले आणि त्यांनी अडकित्ता काढला. उठून टीव्ही बंद करावा असं मला फार वाटलं, पण मालिका बंद केली असती तर काकूने माझा जीव घेतला असता.

मालिका संपली, लोककलेच्या कार्यक्रमाचं नाव आलं आणि वाऱ्याने अँटेना हलली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाबा सवयीने तुम्हाला म्हणाले, "जा रं, वर जाऊन धर ती काडी." अँटेना धरायला नेहमी तुम्हीच जायचात. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि शिडीने स्लॅबवर गेलात. त्या क्षणी सगळं तुमच्या हातात होतं. मनगट जरा चुकीचं फिरवलं असतं तर मुंग्या तशाच राहिल्या असत्या, बाबांनी कंटाळून टीव्ही बंद करायला लावला असता आणि घर होतं तसं राहिलं असतं. मी देवाला तेच मागत होते. वरून तुमचा आवाज आला, आलं का. आणि काकू म्हणाली, "आलं, आलं. लई क्लीअर आलं." मला वाटलं, आता तरी हलवाल. पण तुम्ही हलवलं नाहीत. सगळा कार्यक्रम होईपर्यंत तुम्ही ती अँटेना घट्ट धरून उभे राहिलात.

ढोलकी सुरू झाली. बाबांनी अडकित्त्यात सुपारी धरली होती, ती तशीच राहिली. "बया, ढोलकीवाल्याचा नुसता हातच मोठा करून दाखवत्यात," काकू म्हणाली. "अंगठा बघा कसा वाकडा हाय." एवढं बोलली आणि तिने जीभ चावली. शर्यतीचे बैल धरताना कासऱ्यात मोडलेला तुमचा अंगठा घरात कोण ओळखणार नाही? तुमच्या पोरवयात तो बाबांनीच बांबूच्या कामट्या लावून बांधला होता. चुलीपुढे आईचा भाकरी थापायचा आवाज थांबला. मला वाटलं, आता बाबा उठतील, काठी घेतील. ते उठले नाहीत. अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "पोरी, आवाज वाढव."

तुम्ही खाली आलात तेव्हा बातम्या लागल्या होत्या. जेवायला बसलात तेव्हा घास तुमच्या हातातच होता, आणि बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "कामट्या आनखी थोडं दिस ठेवाय पायजे व्हत्या. अंगठा वाकडा बसला, त्यो माझ्या हातनं." मग आईला म्हणाले, त्याला भाकरी वाढ. चूल वेगळी झाली नाही. पुढे बाबा गेले तेव्हा पुढचा खांदा तुमचाच होता.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात तुम्ही मला विचारलंत, दिसलो का बरा. मी म्हटलं, लई बरे दिसलात, फेटा शोभत होता. मग ते तुमचं ठरलेलंच झालं. मी माहेरी आले की एकदा तरी विचारायचात, अगदी दवाखान्यातल्या खाटेवरही, आणि दर वेळी मी तुमचा फेटा आणखी थोडा रंगवायचे. तुम्ही ऐकताना डोळे मिटून घ्यायचात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. पण एक सांगून टाकते. त्या संध्याकाळी मी टीव्हीकडे बघितलंच नाही, आण्णा. आवाज वाढवतानाही माझी मान बाबांकडेच होती, इतकी मी घाबरले होते. तुमच्या डोक्यावर फेटा होता की टोपी, मला अजून माहीत नाही. बाबांनी मात्र शेवटपर्यंत पाहिलं. तिकडे भेटले असतील तर त्यांनाच विचारा.