तळहातावरची डाळ

अण्णा,

आपल्या दुकानाला आता काचेचं दार आहे. समोर माणूस उभा राहिला की ते आपलं आपण उघडतं, आणि आईला वाटतं, ते तिला ओळखतं. तुम्ही गेल्यावर तिने दुकान बरीच वर्षं एकटीने रेटलं. मग गुडघे ऐकेनासे झाले, तेव्हा खालचा गाळा एका मार्टवाल्यांना भाड्याने दिला. मी साताऱ्यातलं वर्तमानपत्राचं काम संपवून सांगलीला परत आले आणि आता आम्ही दोघी वर राहतो. तुमची गादी, तराजू, दारातली पोती, काही उरलेलं नाही. खाली पाकिटांनी भरलेल्या मांडण्या आहेत, गार हवा आहे, आणि गिऱ्हाईक स्वतःच टोपली घेऊन फिरतं. आईला मात्र अलीकडे कालचं आठवत नाही, माझं नाव एखाद्या वेळी सापडत नाही, आणि दुकान भाड्याने दिल्याचं तर तिला मुळीच आठवत नाही. सकाळी जैन बस्तीत दर्शन घेऊन आली की ती पदर खोचते, जिना उतरते आणि दुकानात जाऊन उभी राहते.

तुम्ही तिला दुकानात पहिल्यांदा उभं केलंत तो दिवस तिच्याच तोंडून मी कितीदा ऐकलाय. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले. कुणी तासगावकडची बाई तूरडाळ घ्यायला आली, आईने झटपट पुडा बांधला, दोरा गुंडाळला आणि पुढे केला. तुम्ही तो तिच्या हातातून घेतलात, गिऱ्हाइकादेखत सोडलात, बाईला ओंजळ पुढे करायला सांगितलीत आणि डाळ तिच्या तळहातावर ओतलीत. "बघा, चोळा, वास घ्या. नाही पटली तर राहू द्या." आणि आईला म्हणालात, "आधी दाखवायचं, मग बांधायचं." चारचौघांत बोललात म्हणून ती संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलली नाही. पण त्यानंतर तिच्या हातून न दाखवता माल गेला नाही. मला आठवतं तेव्हापासून ती तशीच आहे. डाळ असो, शेंगदाणे असोत, आधी समोरच्याच्या तळहातावर. तोंडात टाकून नको म्हणणाऱ्यालाही ती हसून वाटेला लावायची.

आता खाली सगळं पाकिटात बंद आहे. आई मांडणीवरचं पाकीट उचलते, दाताने कोपरा तोडते आणि समोर जो असेल त्याला म्हणते, "हात कर." माणसं बावरतात. "आवं आज्जी, फोडू नका, मी असंच नेतो की." ती ऐकत नाही. "असंच? घरी गेल्यावर किडकी निघाली म्हंजे आमच्या नावानं ओरडशील." कुणी हसून हात पुढे करतं. एकदा एका तरण्या माणसाने भरलेली टोपली बघून तिने त्याला अडवलं. "आपल्या हातानं काढून घेतोयस, दुकान तुझं हाय व्हय?" तो म्हणाला, "न्हाई आज्जी, तुमचंच हाय. ठेवू का माघारी?" त्या दिवशी सगळं दुकान हसलं. मीही हसले.

दुकान सांभाळणारी बाई चांगली आहे, अण्णा. मिरजेकडची, कामाला चोख. आई तिला तुम्ही कामाला ठेवलेली बाई समजते आणि पगार वेळेवर मिळतो का विचारते. तिने दारापाशी आईसाठी स्टूल ठेवलं होतं. फोडलेली पाकिटं मी विकत घेऊन घरी आणायचे, त्याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. मी एक युक्तीही करून पाहिली. एक पाकीट आधीच घेऊन वाटीत काढलं आणि स्टुलाशेजारी ठेवलं, म्हटलं, यातली दाखव. आईने वाटी हुंगली. "ही दाखवायची आन् आतली बांधायची? ह्यांनी बघितलं तर चारचौघांत बोलतील मला." ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी लबाडी शिकवत होते. मी वाटी उचलून वर नेली. तुम्ही असतात तर तिच्याच बाजूने बोलला असतात.

मग कुणीतरी आईचा पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढून मार्टच्या कंपनीकडे तक्रार केली. दाताने पाकीट तोडलं, धान्याला हात लावला, उरलेलं परत मांडणीवर ठेवलं. त्यातलं खोटं काही नव्हतं. दुकान सांभाळणारी ती बाई जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली. "ताई, मी काय करू सांगा. लय गोड हायेत आज्जी. पण वरनं सायब आलेले. परत आत दिसल्या तर माझीच नोकरी जाईल." मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या वेळेत नीट लावून दिल्या. तिला मात्र नुसतं "बघते" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी उतरली. तिच्यासमोर दार उघडलं, पण ती बाई आडवी आली. आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आज्जी, आज दुकानाला सुट्टी हाय." आईने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. "मग आत ही माणसं कोण?" ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मागे दोघं-तिघं टोपल्या घेऊन खोळंबले होते. मला जे सुचलं ते मी बोलले, "अण्णांनीच सांगितलंय. ते कराडला गुळाच्या सौद्याला गेलेत. येईपर्यंत तू दुकानात यायचं नाहीस." मला वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, "आधी सांगायचं न्हाई व्हय," आणि कठड्याला धरत वर गेली.

तेव्हापासून ती खाली जात नाही. पण तुम्ही गावाला गेलात की ती तुमच्यासाठी जेवायची थांबायची, हे मी विसरले होते. दिवस मावळायच्या आत तुम्ही घरी याल म्हणून ती खिडकीत बसते. ताट वाढते, झाकून ठेवते. ऊन समोरच्या गच्चीवरून उतरतं, दिवस मावळतो, आणि मावळल्यावर तर ती आयुष्यात कधी जेवलेली नाही. मी समजावते, "अण्णा तिकडेच जेवतील गं." ती म्हणते, "बाहेरचं खात्यात का ते? उपाशी असतील." मग दोघी तशाच झोपतो. तिची हाडं दिसायला लागली आहेत. डॉक्टर म्हणतात, जेवण चुकवू देऊ नका. खरं सांगावं, असं रोज ठरवते. पण खरं सांगायचं म्हणजे तुम्हाला पुन्हा एकदा स्मशानात न्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती विसरली की आणखी एकदा. ते मला जमणार नाही.

काल ती म्हणाली, "फोन उचलत नसतील तर पत्र घाल. दिवस असताना या म्हणावं." म्हणून हे लिहायला बसले. ती पलीकडे घेवड्याच्या शेंगा निवडत होती, अधूनमधून विचारत होती, "लिहिलंस का, मी जेवत न्हाई म्हणून?" लिहिलं, अण्णा. टाकायचं कुठे, ते मला माहीत नाही. ती तुमच्या उत्तराची वाट बघणार. आज दुपारी ती डुलकी घेत होती, तेव्हा तुमची जुनी पत्रं समोर ठेवून मी तुमच्या अक्षरात दोन ओळी लिहून पाहिल्या. जेवून घेत जा. मला अजून थोडे दिवस लागतील. अक्षर बरंचसं जमलं आहे.