घरापुरतं कुलूप

८ एप्रिल

मेली ती रील! शाळेत मधल्या सुट्टीत माझ्यासोबत शिकवणाऱ्या जयवंतीबाईंनी वर्गामागे नेऊन दाखवली. साखरशेतच्या लग्नातला नाच, मधोमध आमची प्रतिक्षा. बाजूला नाचणाऱ्या पोराचा हात तिच्या कमरेला — नेमकं तेवढंच कापून घेतलंय. खाली जे लिहिलंय ते इथे लिहवत नाही. अरे, आम्हा आदिवासींकडे लग्नात सगळेच एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचतात! मीही नाचले की. बाहेरच्यांना त्यात घाण दिसते.

पोरीला हे कळता कामा नये. नर्सिंगची सीईटी तोंडावर आलीय. खचली तर परीक्षेलाही बसणार नाही.

९ एप्रिल

वायफायवाल्या सुदेशला बोलावलं. म्हणाला, "मॅडम, एकच रील नाय बंद होत. करायचा त पुरा अ‍ॅपच बंद करावा लागंल." कर म्हटलं! प्रतिक्षाच्या मोबाईलला रिचार्ज नाही, घरच्या वायफायवरच चालतो. जाताना म्हणतो, "घराच्या भायेर माझा इलाज नाय हां." मेल्याला विचारलं होतं कोणी!

१० एप्रिल

तीच रील ह्यांच्या मोबाईलवर भावकीच्या ग्रुपात आली. म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपवरून! सुदेशला फोन करून सगळंच बंद करायला लावलं. त्यात तिची अभ्यासाची लेक्चरंही गेली. एरवी जरा नेट गेलं तर घर डोक्यावर घेते. आज चकार शब्द नाही. का?

१२ एप्रिल

मैत्रिणीकडे, रविनाकडे अभ्यासाला जाते म्हणाली. तिच्याकडे नेट आहे! नको म्हटलं.

"का, आये?"

"ऊन किती आहे बाहेर!" — माझं मलाच हसू आलं, आणि रडूही. हे म्हणाले, "किती दिस कोंडून ठेवशील?" कडाक्याचं भांडण झालं.

१३ एप्रिल

जेवली नाही. डोळे सुजलेत. विचारायचा धीर होत नाही.

१५ एप्रिल, दुपार

शाळेतून आले तर प्रतिक्षा घरात नाही! रविनाही घरी नाही. ह्यांना मोखाड्याला ऑफिसात फोन केला, ते निघालेत. मी डेपोत पाहून आले, बाजारात पाहून आले. पोरं टपरीवर मोबाईलमध्ये डोकं घालून हसत होती. दरीच्या बाजूला जायला पाय उचलत नाहीत. नको नको ते मनात येतंय. कळलं असेल तिला!

१५ एप्रिल, संध्याकाळ

सापडली. पोलीस ठाण्यात होती — रविनाला सोबत घेऊन स्वतः तक्रार द्यायला गेलेली! अठरा पूर्ण नाहीत म्हणून मला बोलावलं. हवालदारबाई म्हणाल्या, "आल्यापासून एकच धोशा लावलाय पोरीने. माझ्या आयेला ती रील दाखवू नका, तिला नाय सोसायची."