बेसूर औषध

दादास,

तू बाबांसाठी पाठवलेलं तुझ्या व्हायोलिनचं रेकॉर्डिंग मी दोनच दिवस लावलं. दिवस आखूड झाले की बाबा दरवर्षी मिटतात, हे तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी उजेडाचा दिवा दिला, गोळ्या दिल्या, शांत संगीत ऐकवा म्हणाले. पण तुझं वादन सुरू झालं की बाबा भिंतीकडे तोंड करतात. म्हणतात, "छान आहे. बंद कर." यंदा मी त्यांच्या दाराची आतली कडी काढून टाकलीये. का, ते विचारू नकोस.

परवा भांडी घासताना मी सहज गुणगुणले. माझा गळा तुला ठाऊक आहे. आतून आवाज आला, "उतरलीस." जन्मभर गाणं शिकवलेल्या माणसाला ते सहन होईना. उठून आले, माझा सूर नीट करून घेतला आणि वर चहा मागितला. तेव्हापासून मी रोज जीव तोडून बेसूर गाते.

आज मात्र तिसरं गाणं संपलं तरी आतून चकार शब्द नाही. ओट्याशी उभी राहून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. थांब, दार ढकलून बघते.

बसलेत. डोळे मिटून, पण बसलेत. म्हणाले, "आपली आपण सुधारतेस का, ते बघत होतो."

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू धावत येशील, आणि दादा, तू फार सुरेल वाजवतोस.

तुझी,
गळा नसलेली धाकटी